जपानी क्विल्ट्सचं मोठं प्रदर्शन: त्या करड्या रंगात पाहायचं काय?

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: लेकीकडे टोकियोला जाणार आहात आणि तिथल्या एका मोठ्या क्विल्ट-प्रदर्शनाची तिकिटं तिने काढून ठेवली आहेत. पण तिने पाठवलेल्या फोटोंत सगळं करडं, तपकिरी, राखाडी दिसतंय. आईच्या नऊवारी लुगड्यांच्या गोधड्या शिवत तुम्ही मोठ्या झालात, त्यामुळे तिथे मन रमेल असं तुम्हाला वाटत नाही. अख्खा दिवस द्यावा का, दिला तर काय पाहावं, आणि सोबत एखादं दुपटं दाखवायला न्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

दिवस जरूर द्या. आणि फोटो पाहून मत बनवू नका. जपानी क्विल्टमध्ये मोलाच्या गोष्टी दोन, छटा आणि टाका. मोबाइलच्या फोटोत नेमक्या याच दोन गोष्टी पुसल्या जातात. बाजूबाजूच्या तीन करड्या तुकड्यांमधला फरक कॅमेरा सपाट करून टाकतो आणि टाक्यांमुळे कापडाला आलेला उठाव तर दिसतच नाही. राजस्थानी किंवा मेक्सिकन काम फोटोत निम्मं तरी पोचतं. जपानी काम जेमतेम पोचतं. म्हणूनच ते समोर उभं राहून पाहायचं.

मी क्विल्टिंग करते आणि शिकवते. 2002 पासून 2020 पर्यंत दर जानेवारीत टोकियो डोममध्ये जे आंतरराष्ट्रीय क्विल्ट प्रदर्शन भरायचं, तिथे जाऊन मी पाहायला शिकले. ते बेसबॉलचं स्टेडियम आहे, त्यामुळे खाली मैदानभर क्विल्ट्स आणि वर चहूबाजूंनी प्रेक्षकांच्या खुर्च्या अशी रचना असायची. आठवडाभरात दोन लाखांहून जास्त माणसं येऊन जायची. त्या डोमचं छप्पर म्हणजे लेप दिलेल्या काचतंतूंचं कापड आहे आणि आतल्या हवेच्या दाबावर ते तरंगत राहतं, म्हणून आत शिरायला फिरते दरवाजे. कापडाच्या छपराखाली कापडाचा एवढा मोठा उत्सव, ही गोष्ट मला फार आवडायची. तुमचं प्रदर्शन दुसऱ्या सभागृहात असेल, पण पाहायची रीत तीच.

आधी त्या करड्या रंगाबद्दल. याला तिथे आणि इकडेही सगळे ‘टोप’ म्हणतात. हे बहुधा छापील कापड नसतं. सूत आधी रंगवून मग विणलेलं सुती कापड असतं, त्यात बारीक चौकडी, पट्टे, मध्येच उठलेली गाठ, विणीतच उमटलेला ठिपका. चार हातांवरून जो तुकडा नुसता राखाडी दिसतो, त्यात जवळ गेल्यावर शेवाळी धागा सापडतो, विटकरी सापडतो, दौतीतल्या शाईसारखा निळाही सापडतो. या शैलीचं सर्वात ओळखीचं नाव योको साइतो. टोकियोच्या शेजारी चिबा प्रांतातल्या इचिकावा गावात त्यांचं दुकान आणि शाळा आहे. त्यांच्या कामात घरं, झाडं, पक्षी, टोपल्या असे साधेच विषय येतात, पण एका झाडाच्या खोडात सहा-सात कापडं असतात आणि त्यातली एक-दोन मुद्दाम उलट्या बाजूने लावलेली असतात. उलटी बाजू म्हणजे त्याच रंगाची एक पायरी फिकी छटा, वेगळं कापड न आणता मिळालेली. गोधडीत आपण विटलेली बाजू आत आणि बरी बाजू वर घेतो. इथे विटलेपण मुद्दाम वर आणतात.

हे पाहण्यासाठी एक सोपी सवय लावून घ्या. दहा-बारा फुटांवर उभ्या राहा आणि डोळे बारीक करा, इतके की आकारांच्या कडा पुसट व्हाव्यात. आता रंग जातो आणि फक्त उजेड-अंधार उरतो. चांगली टोप क्विल्ट अशा वेळी एकदम उभी राहते. कुठूनतरी प्रकाश येतोय, एक कोपरा संध्याकाळचा आहे, मधला चौकोन पुढे आलाय. कच्ची क्विल्ट अशा वेळी चिखलासारखी एकसंध दिसते. म्हणजे करडा रंग वापरला की काम आपोआप गंभीर आणि सुंदर होतं असं अजिबात नाही. त्या प्रदर्शनांतही चिखल पुष्कळ असतो. तो ओळखता आला तर भराभर पुढे जाता येतं, आणि शेकडो क्विल्ट्स असलेल्या जागी तेही महत्त्वाचं आहे.

नंतर हातभर अंतरावर या. आणि शेवटी क्विल्टच्या कडेला जाऊन, भिंतीला जवळजवळ गाल लावल्यासारखं, तिरकं पाहा. हात मात्र पाठीमागे. समोरून टाके दिसतात, तिरक्या उजेडात टाक्यांनी केलेला चढउतार दिसतो. पार्श्वभूमीवर अर्ध्या-एक सेंटिमीटरच्या चौकड्या मारून कापड दाबलेलं असतं आणि त्यामुळे मधलं फूल वर आलेलं असतं. फुलाच्या आत जाडी वेगळी भरलेली नसते, बाजूचं दाबल्यामुळे ते उठतं. एका इंचात वरून मोजता येणारे दहा-बारा टाके आणि असे अख्ख्या पलंगपोसभर. यंत्रावर केलेलं कामही तिथे असतं आणि त्यातलं काही उत्तमच असतं, पण जपानी क्विल्टिंगचा कणा हाताचा आहे. जोडणं हाताने, अप्लिक म्हणजे कापडावर कापड बसवणं हाताने, शेवटचे टाकेही हाताने.

असं का झालं, ते थोडं सांगते, कारण पाहताना त्याचा उपयोग होतो. आज आपण ज्याला जपानी क्विल्ट म्हणतो ती फार जुनी नाही. 1970 च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेतल्या जुन्या क्विल्ट्सची प्रदर्शनं जपानमध्ये झाली आणि तिथल्या शिवणकाम जाणणाऱ्या बायकांनी ती कला उचलली. काही जणी नवऱ्याच्या नोकरीनिमित्त अमेरिकेत राहत होत्या, तिथेच शिकल्या. शिझुको कुरोहा त्यांच्यातल्या. परत आल्यावर त्यांनी अमेरिकन नमुन्यांत जुनं जपानी निळीचं कापड घातलं आणि तोच त्यांचा मार्ग ठरला. चक नोहारा यांनी टोकियोत शाळा काढली. मग फुलांची मांडणी किंवा चहाविधी जसा शिकवतात तशीच क्विल्टही गुरूकडे बसून, पायरी पायरीने, परीक्षा आणि प्रमाणपत्रं घेत शिकवली जाऊ लागली. या शिकवणीमुळे टाक्याची शिस्त आली. तिच्यामुळेच काही दालनांत एकाच गुरूच्या वीस शिष्यांची वीस कामं एका हाताने केल्यासारखी दिसतात. तिथे फार वेळ घालवू नका. गुरूचं काम पाहा, मग शिष्यांपैकी जिने वाट थोडी सोडली असेल तिच्यापाशी थांबा.

पण तुम्ही गोधडीवाल्या आहात, म्हणून तुमचा जास्तीत जास्त वेळ दुसरीकडे जायला हवा. अशा मोठ्या प्रदर्शनांत बहुतेक वेळा एखादं दालन साशिको म्हणजे धावदोऱ्याचं नक्षीकाम, कोगिन किंवा बोरोचं असतं. तिथे आधी जा, सकाळी, डोळे ताजे असताना.

जपानच्या उत्तर टोकाला, आओमोरी प्रांतात, हिवाळा लांब आणि कापूस पिकत नाही. शेतकरी भांगेच्या झाडाच्या वाखाचं खरखरीत कापड विणून घालायचे. 1724 साली त्सुगारू संस्थानाने काटकसरीचा हुकूम काढला, त्यात शेतकऱ्यांनी काय नेसावं यावर बंधनं आली आणि सुती कपडे त्यांना मना झाले. मग बायकांनी निळीत रंगवलेल्या त्या विरळ कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांमधून पांढरा दोरा भरायला सुरुवात केली. विणीतली भोकं बुजली, कापड जाड झालं, खांदे टिकले, थंडी अडली. हीच कोगिन. यात टाका काढायचा तो धागे मोजून, आणि मोजायचे विषम धागे: एक, तीन, पाच, सात. त्यातून चौकटचे आकार आपोआप उमटतात. शेजारच्याच नांबू भागातल्या हिशिझाशीत सम धागे मोजतात, म्हणून तिथला चौकट आडवा पसरट होतो. दोन्ही शेजारी लावलेली दिसली तर हे लगेच डोळ्यांत भरेल. पुढे सुती कापड स्वस्तात मिळू लागलं तशी कोगिन मागे पडली. 1930 च्या दशकात यानागी सोएत्सु आणि त्यांच्या लोककला चळवळीने तिच्याकडे पुन्हा लक्ष वेधलं.

बोरो म्हणजे त्याच मुलखातली ठिगळांची अंथरुणं, पांघरुणं आणि अंगरखे. दक्षिणेकडून, ओसाकाच्या बाजूने, जहाजांतून जुन्या सुती कापडाचे गठ्ठे उत्तरेच्या बंदरांवर येत. शहरात कोणी वापरून टाकलेलं कापड इथे विकत घेतलं जाई आणि तीन-तीन पिढ्या ठिगळावर ठिगळ चढत जाई. आओमोरीचे संग्राहक तानाका चुझाबुरो यांनी गावोगाव हिंडून हे कपडे गोळा केले. लोक ते जाळून टाकत होते, कारण त्यात त्यांना आपली गरिबी दिसायची. तानाकांचा बोरो-संग्रह टोकियोत असाकुसाच्या एका संग्रहालयात 2009 पासून 2019 पर्यंत मांडलेला होता. आज बोरोचे तुकडे परदेशी दालनांत मोठ्या किमतीला विकले जातात आणि नवीन कापड फाडून ‘बोरो’ जाकिटंही शिवली जातात. मला ते खटकतं. बोरोसमोर उभं राहताना त्या बाईला थंडी वाजत होती हे विसरू नये, एवढीच माझी विनंती.

आपली गोधडी या बोरोची अगदी सख्खी नातलग आहे. दोन्हीत वेगळा कापूस भरत नाहीत, जुन्या कापडाचे थर हेच ऊब देतात. दोन्हीत टाका वरून खालपर्यंत सगळ्या थरांतून जातो. पण काही फरक मुद्दाम शोधा. आपल्याकडे कडेपासून सुरू करून आत आत फेरे घालत धावदोरा मध्यावर नेतात, त्यामुळे अख्ख्या गोधडीला एक वळण असतं आणि दोन फेऱ्यांमध्ये कापडाची बारीक लाट उठते. बोरोत असं एक वळण नसतं. जिथे फाटलं तिथे शिवलं, त्यामुळे टाके दहा दिशांनी धावतात आणि कापडाचा इतिहास त्या दिशांवरून वाचता येतो. कुठलं ठिगळ आधीचं, कुठलं नंतरचं, हेही त्यावरून कळतं.

साशिकोच्या नमुन्यांत मात्र शिस्त असते. लाटा, भांगेचं पान, एकमेकांत गुंतलेली वर्तुळं, परसीमनचं फूल, असे नमुने तुम्हाला सगळीकडे दिसतील. चांगलं साशिको ओळखायच्या खुणा सांगते. वरचा टाका मागच्यापेक्षा थोडा लांब असतो, साधारण तीनास दोन या प्रमाणात. कोपऱ्यावर टाका बरोबर कोपऱ्यातच संपतो, कोपरा ओलांडत नाही की अलीकडे थांबत नाही. जिथे सहा-आठ रेषा एका बिंदूत भेटतात तिथे मधोमध किंचित मोकळी जागा सोडतात, दोरे एकमेकांवर चढू देत नाहीत. आणि पाठीमागे वळणावर दोरा जरा सैल सोडलेला असतो, नाहीतर धुतल्यावर कापड आकसतं. पाठ दाखवलेली असेल तर हे नक्की बघा. अमेरिका-इंग्लंडच्या प्रदर्शनांत पांढरे हातमोजे घातलेल्या स्वयंसेविका मागितलं तर क्विल्टची पाठ उलगडून दाखवतात. तशी सोय जपानमध्ये प्रत्येक ठिकाणी असेल असं धरून चालू नका, पण दालनात निर्माती स्वतः बसली असेल तर विचारायला हरकत नाही.

कुठे साशिकोचं प्रात्यक्षिक चालू असेल तर शिवणाऱ्या बाईच्या हाताकडे बघा, कापडाकडे नको. सुई जवळजवळ स्थिर असते, तळव्यात घातलेल्या चामड्याच्या किंवा धातूच्या चकतीने ती मागून ढकलतात, आणि कापडच चुण्या घालत सुईवर चढवत नेतात. पाच-सात टाके एकदम सुईवर, मग एकदाच ओढायचं. आपल्याकडे दारोदार जाऊन गोधड्या शिवून देणाऱ्या बायकांचे हात असेच चालतात. अशा वेळी भाषेची गरज पडत नाही. जागा मोकळी असेल तर शेजारी बसा. कच्चे टाके घालताना सुईचं टोक वर उचलायला त्या चमचा वापरतात, तेही बघून ठेवा. बोटांची टोकं वाचतात, आणि आपल्या घरातल्या चमच्यानेही होतं.

तुकडे जोडण्याची कल्पना जपानला अमेरिकेकडून मिळाली असं समजायचं कारण नाही. बौद्ध भिक्षूंचं वस्त्र आधीपासूनच तुकड्यांचं. टाकून दिलेली वस्त्रं गोळा करून शिवायची आणि मांडणी मगधातल्या बांध घातलेल्या भातशेतांसारखी ठेवायची, ही रीत आपल्याकडून बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेली. नारा इथल्या शोसोइन भांडारात 756 साली सम्राट शोमूंच्या मागे अर्पण केलेल्या वस्तू आहेत, त्यांत असं तुकड्यांचं, दाट धावदोऱ्याने शिवलेलं भिक्षुवस्त्र आहे. बाराशेहून अधिक वर्षांचा धावदोरा! तुमच्या प्रदर्शनात ते अर्थातच नसेल, पण रेशमी तुकड्यांच्या क्विल्ट्ससमोर उभ्या राहाल तेव्हा ही परंपरा माहीत असलेली बरी.

किमोनोच्या कापडाच्या क्विल्ट्सचा तिथे वेगळाच विभाग असतो. त्याकडे पाहताना एक माप लक्षात ठेवा. किमोनोचं कापड जेमतेम 36 ते 38 सेंटिमीटर रुंद विणलेलं असतं आणि एका ताग्याची लांबी साधारण 12 मीटर. त्याचे सरळ आठ तुकडे करून किमोनो शिवतात. वळणदार कापणी नसते, गळ्यासाठी गोल काढत नाहीत, जवळजवळ काही वाया जात नाही. पूर्वी धुण्यासाठी किमोनो उसवून, पट्ट्या ताणून वाळवून, पुन्हा शिवत. म्हणून जुना किमोनो उसवला की हातात सरळ, लांब पट्ट्या येतात. त्या क्विल्ट्सची रचना उभ्या पट्ट्यांची का असते, मोठे फुलाफुलांचे नमुने अर्ध्यावर का थांबतात, याचं कारण ही रुंदी. आपल्या काठ-पदराला गोधडीत जशी ठरलेली जागा मिळते तसंच काहीसं हे आहे. चांगली कारागीर त्या अर्ध्यावर थांबलेल्या फुलाचा उरलेला भाग दुसऱ्याच कापडातून शोधून आणते. तो जोड सापडला की मला फार आनंद होतो.

इथल्या कापडांपैकी कासुरी तुम्हाला लगेच ओळखीचं वाटेल. सुताला आधी गाठी मारून रंगवायचं, मग विणताना नमुना उमटवायचा, त्यामुळे कडा किंचित थरथरलेल्या. पाटण पटोळा आणि पोचमपल्लीचं तंत्रही हेच. क्युशू बेटावरच्या कुरुमेची निळी-पांढरी कासुरी इनोउए देन या बाईने लहान वयातच सुरू केली असं मानतात. ती 1788 साली जन्मली आणि 1869 साली वारली. नागोयातल्या आरिमात्सूचं शिबोरी पाहाल तेव्हा आपली बांधणी आठवेल. चिरिमेन म्हणजे बारीक सुरकुत्यांचं रेशीम. ते तुकडेजोडीला अवघड, कारण ओलं झालं की जोरात आटतं. त्यामुळे चिरिमेनच्या क्विल्टमध्ये शिवणी सपाट बसल्या असतील तर त्या बाईला मनोमन नमस्कार करा.

आणि हो, सगळं करडं नसतंच. केइको गोके यांच्या क्विल्ट्समध्ये भडक लाल, पिवळे, निळे रंग अंगावर येतात, आकार वेडेवाकडे आणि मोकळे. नोरिको एन्दो यांनी कापडाचा अगदी बारीक चुरा पसरून, त्यावर पातळ जाळी अंथरून, यंत्राच्या टाक्यांनी अख्खी जंगलं उभी केली.  योशिको जिनझेनजी यांनी बालीत राहून बांबूपासून रंग काढले आणि जवळजवळ पांढऱ्या क्विल्ट्स केल्या. त्यांच्यापैकी कुणाचं काम दिसलं तर चुकवू नका. हवाईयन पद्धतीच्या दोन रंगी क्विल्ट्सचंही जपानमध्ये मोठं वेड आहे. कापडाची आठ पदरी घडी घालून एकदाच कापायचं आणि उलगडलेला आकार पायावर बसवायचा. माझं मन त्यात फारसं रमत नाही. तुमचं कदाचित रमेल.

आता दिवस कसा लावायचा. शनिवार-रविवार टाळा. दार उघडताना पोचा आणि सर्वजणी बक्षीसपात्र क्विल्ट्सकडे वळतात तेव्हा तुम्ही साशिको-बोरोकडे जा. बक्षिसांच्या भिंतीपाशी सकाळी रांग सरकत सरकतच पुढे जाते आणि एका कामासमोर थांबता येत नाही. शेवटच्या तासाभरात तिथे मोकळं होतं. सभागृहाला वरचा सज्जा असेल तर खाली उतरण्याआधी एकदा वरून सगळं पाहून घ्या. कुठल्या तीन-चार क्विल्ट्स लांबूनही हाक मारतात ते ठरतं. जाड कोट आणि पिशवी लॉकरमध्ये ठेवा, थंडीतही आत उकडतं, आणि खांद्यावरची पिशवी कुणाच्या तरी कामाला घासण्याचा धोका असतो. फलकावर नाव, आकार, प्रांत आणि बहुधा कारागिरीणीच्या दोन-चार ओळी असतात. लेकीला त्या वाचून दाखवायला सांगा. आईच्या शेवटच्या किमोनोची केली, भूकंपानंतर पुन्हा सुई धरली, असं काहीतरी त्यात असतं आणि पाहणं बदलतं. फोटो काढण्यावर बऱ्याच दालनांत बंदी असते, छोटी खूण लावलेली असते. खूण नसली तरी विचारा. “शाशिन ओ तोत्ते मो ई देस का?” एवढं पाठ करून जा. वही-पेन्सिल मात्र नक्की न्या. एका क्विल्टचा एक कोपरा रेखाटलात तर शंभर फोटोंपेक्षा जास्त लक्षात राहील. दिवसभरात दहा-बारा कामं नीट पाहून झाली तर दिवस सार्थकी लागला असं माना.

दुकानांचा भाग जेवणानंतर ठेवा, नाहीतर सकाळ तिथेच जाईल. कापडाची किंमत तिथे बहुतेक दर 10 सेंटिमीटरला लिहिलेली असते, मीटरला नाही. पाटी पाहून हुरळून जाऊ नका. जुन्या किमोनोच्या तुकड्यांच्या पिशव्या मिळतात. घेण्याआधी उजेडाकडे धरून बघा, घडीवर रेशीम विरलेलं असतं. निळीचं जुनं कापड ओल्या पांढऱ्या रुमालाने एका टोकाला चोळून बघू देतात का विचारा, रंग सुटतो. घरी आणल्यावर ते वेगळंच धुवा. सुया मात्र भरपूर आणा. हिरोशिमा हे सुयांचं जुनं गाव आहे, तिथल्या सुयांचं टोक आणि नेढं दोन्ही गुळगुळीत असतं आणि चार थरांच्या सुती कापडातूनही त्या अडत नाहीत. साशिकोची लांब सुई आपल्या गोधडीला फार छान चालते. प्रदर्शनात गर्दीमुळे काही घेता आलं नाही तर निप्पोरी स्टेशनजवळ कापडाच्या दुकानांचा अख्खा रस्ता आहे, पण रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात. क्योतोला जाणार असाल तर दर महिन्याच्या 21 तारखेला तोजी मंदिरात आणि 25 ला कितानो तेन्मांगू मंदिरात जुना बाजार भरतो. जुनं कापड तिथे पाहायला आणि हाताळायला मोकळीक असते.

दुपटं न्यावं का? न्या, नक्की न्या. मोठी गोधडी नको, ती उलगडायला जागाच मिळत नाही. एखादं लहान दुपटं, शक्यतो वापरून मऊ झालेलं. नवीन, दुकानात विकायला ठेवतात तसं चकचकीत कापडाचं अजिबात नको. ते गर्दीच्या वेळी काढू नका. संध्याकाळी चारनंतर दालनातल्या बायका जरा निवांत होतात, तेव्हा आधी त्यांच्या कामाबद्दल विचारा आणि मग दाखवा. हातात दिल्यावर त्या बहुतेक पहिल्यांदा उलटं करून पाठ बघतील, म्हणून दोन्ही बाजूंचे सुटे दोरे आधीच आत घेऊन ठेवा. लेकीकडून जपानीत एका कार्डावर लिहून घ्या: वरचं लुगडं कुणाचं, आत किती थर आहेत आणि कुठली कापडं, कुणी शिवलं, कुठल्या गावात, आणि फेरा कडेपासून मध्यापर्यंत नेलाय हेही. त्या शेवटच्या गोष्टीवर त्या हमखास थांबतात आणि बोटाने फेरा मोजत आत जातात. कार्डाच्या मागच्या बाजूला तुमचा ईमेल लिहून ठेवा, कारण त्यांच्यापैकी कुणीतरी मागणारच.